'ग्रूव्ही' : एका शब्दाची चाकोरी

(वस्तीतल्या वाचनालयात भरलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आज मला बोलायचं होतं दुसऱ्याच विषयावर. चार कागद खरडूनही आणलेत. पण इथं आलो, सतरंजीवर टेकलो आणि समोर आपला एक पोरगा बसलेला दिसला. अंगात टी-शर्ट. त्यावर फुगीर, गोलमटोल अक्षरं, नारिंगी आणि पिवळी. बाजूला एक फूल. आणि शब्द एकच : 'ग्रूव्ही'.

मी विचारलं, काय रे, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "माहीत नाय काका. भारी वाटलं, घेतला. फुटपाथवर दीडशेला."

तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो. पण हसून झाल्यावर खिशातले ते चार कागद मी खिशातच ठेवले. म्हटलं, आज या पोराच्या छातीवरच बोलू. माणसाचं कूळ विचारू नये, हे आपण शिकलोय. शब्दाचं कूळ मात्र जरूर विचारावं. तो कुठं जन्मला, कुणाच्या तोंडात वाढला, कुणी पळवला, कुणी विकला, आणि आता दीडशे रुपयांत आपल्या अंगावर कसा आला. आपल्या बापजाद्यांच्या कपाळावर दुसऱ्यांनी शब्द डकवले. ते खरवडून काढण्यात दोन-तीन पिढ्या गेल्या. आता आपण आपल्या पैशानं, आपल्या मर्जीनं छातीवर शब्द घेतो. मग तो वाचून घ्यायला नको?

तर पहिल्यांदा अर्थ.

'ग्रूव्ह' म्हणजे खाच. चर. पण पाच-सहाशे वर्षांमागच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता खाण, जमिनीत खणलेला खड्डा. थडग्याला इंग्रज ग्रेव्ह म्हणतात ना, तो शब्द आणि हा शब्द एकाच मुळाचे. मूळ अर्थ खणणं. म्हणजे शब्दाचा जन्म कुदळीच्या टोकाशी झाला. पुढं लाकडात, लोखंडात कोरलेल्या खाचेला ग्रूव्ह म्हणू लागले. आणि त्याच त्याच वाटेनं जाऊन जाऊन पडते ती चाकोरी, तिलाही.

आता गंमत बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात 'ग्रूव्ही' हा शब्द होता, पण तो कौतुकाचा नव्हता. ग्रूव्ही माणूस म्हणजे चाकोरीतला, साचेबंद डोक्याचा, आपल्या खाचेबाहेर न बघणारा माणूस. आपल्याकडं कूपमंडूक म्हणतात तसा. तिथून हा शब्द 'एकदम झकास' या अर्थाला कसा पोचला? हा उलटा प्रवास कुणी घडवला? कुठल्या प्राध्यापकानं नाही. कुठल्या साहित्य संमेलनात ठराव झाला नाही. तो घडवला अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी.

त्यासाठी तुम्हाला तबकडी समजून घ्यावी लागेल. तुमच्यातल्या निम्म्यांनी ती बघितलेलीही नसेल. आमच्या चाळीत चौदा एप्रिलला माईकवाला यायचा. कर्णा बांधायचा नळाच्या वरच्या खांबाला. पेटीत प्लेटा असायच्या, काळ्या कुळकुळीत. त्यातली एखादी जुनी झालेली असायची. गाणं रंगात आलं की सुई एका जागी अडकायची आणि एकच शब्द दहा वेळा, वीस वेळा. सगळी चाळ ओरडायची, "अय, हलव ना!" माईकवाला बोटानं सुई उचलून पुढं टाकायचा. आम्ही पोरं वाकून बघायचो. त्या काळ्या प्लेटीवर केसासारख्या बारीक रेघा, गोल गोल फिरत आत गेलेल्या. त्या रेघा म्हणजे खाच. ग्रूव्ह. खरं तर ती एकच लांबलचक खाच असते, बाहेरून आत गेलेली. तिच्या भिंती सरळ नसतात, नागमोडी असतात. सुई त्या नागमोडी वाटेनं धावते, थरथरते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. बाईचा गळा, ढोलकीची थाप, सगळं त्या खाचेत कोरलेलं.

थॉमस एडिसननं १८७७ मध्ये आवाज पकडला तो नळकांड्यावर. सपाट तबकडी आणली एमिल बर्लिनर या माणसानं, १८८७ मध्ये. पुढं सगळं जग तबकडीवर नाचलं.

आणि ती तबकडी कशाची होती? प्लॅस्टिक नंतर आलं. १९४८ पासून व्हायनिलच्या लांब तबकड्या निघायला लागल्या. त्याआधीची पन्नास वर्षं तबकडी होती लाखेची. लाख, दगडाची भुकटी, काजळी. आणि ही लाख बहुतांश जायची आपल्या देशातून. छोटा नागपूरच्या जंगलातून, पळसाच्या, कुसुमच्या, बोरीच्या फांदीवरून. किडा लाख सोडतो, आदिवासी बायामाणसं फांद्या तोडून ती खरवडतात, मग ती गाळून तिचा चपडा होतो आणि बोटीत चढतो. १९४२ मध्ये महायुद्धात अमेरिकन सरकारनं लाखेच्या वापरावर निर्बंध घातले, तर तिथल्या तबकड्यांच्या कंपन्यांची बोंब झाली. जुन्या तबकड्या गोळा करून, वितळवून नव्या कराव्या लागल्या. म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कुणी काळा माणूस ट्रम्पेट फुंकत होता, आणि ते सूर कोरले जात होते आपल्या आदिवासीनं खरवडलेल्या लाखेत. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. मधल्या दलालाला दोघांचाही होता.

ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सहसा एकत्र सांगत नाहीत. म्हणून मी सांगतोय.

आता हार्लेम. १९२० ते १९४० हा काळ धरा. दक्षिणेतून कापसाच्या मळ्यांवरून, फाशी देणाऱ्या जमावांपासून पळून काळी माणसं उत्तरेच्या शहरांत आलेली. आपली माणसं गावकी टाकून मुंबईला गिरणीत, गोदीत आली तशी. सोबत त्यांनी आपलं संगीत आणलं. हे संगीत वाजवताना एक क्षण येतो. ज्यांनी ढोलकी-हलगी वाजवलीय त्यांना मी सांगायला नको. पाच-सात माणसं वाजवत असतात, सुरुवातीला जो तो आपापलं. मग अचानक ठेका बसतो. कुणी कुणाला ओढत नाही, कुणी मागं राहत नाही. अंग आपोआप हलायला लागतं. काळे वादक म्हणायचे, आता आपण खाचेत आहोत. सुई जशी खाचेत नीट बसते आणि आवाज स्वच्छ निघतो, तसं. १९३० च्या दशकात हा वाक्प्रचार रूढ झाला आणि त्याच दशकात त्यातून विशेषण निघालं : ग्रूव्ही. मस्त जमलेलं. लयीत असलेलं.

बघा काय केलं त्यांनी. गोऱ्यांच्या भाषेत जी चाकोरी कंटाळ्याची होती, ती यांनी आनंदाची केली. जी खाच कैद होती, ती यांनी सगळ्यांनी मिळून एका तालात चालायची वाट केली. भाषा मालकाची, अर्थ आपला. ज्यांच्याकडं जमीन नसते, छापखाना नसतो, ते हेच करतात. शब्द उलटा करून वापरतात.

कॅब कॅलोवे नावाचा एक काळा गायक होता, स्वतःचा वाद्यवृंद असलेला. त्यानं १९३८ मध्ये हार्लेमच्या बोलीचा एक छोटा कोश काढला. त्या कोशाच्या आवृत्त्यांतून 'ग्रूव्ही' आहे, सोबत अर्थ आहे, सोबत वापरायचा नमुनाही आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मला त्यावर यायचंय. १९४४ मध्ये डॅन बर्ली या काळ्या पत्रकारानं अशाच बोलीचं आणखी एक पुस्तक काढलं. म्हणजे ज्यांची भाषा, त्यांनीच तिचा कोश केला.

पण हाच कॅलोवे जिथं गाजला तो कॉटन क्लब. नाव बघा, कापूस! हार्लेमच्या मधोमध. स्टेजवर काळे, टेबलाशी फक्त गोरे. सजावट मळ्यावरची, गुलामीच्या दिवसांची. म्हणजे वाजवायला तुम्ही, ऐकायला आम्ही, आणि दारात तुमचाच भाऊ आला तर त्याला हाकला. हे दृश्य तुम्हाला ओळखीचं वाटतंय का? लग्नात वाजवायला आम्ही आणि पंगतीला वेगळं बसायलाही आम्हीच. जगभर एकच मांडव घातलाय साल्यांनी.

हा ठेका मुंबईलाही आला होता, शब्दाच्या आधी. १९३५ मध्ये लिऑन ॲबे हा काळा अमेरिकन वादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागून टेडी वेदरफर्ड आला, पियानोवाला, तो पुढं १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीनं मेला. त्यांच्याकडून आपले गोव्याचे वादक शिकले. त्यातलाच चिक चॉकलेट नावानं गाजलेला ट्रम्पेटवाला. हेच गोवेकर मग सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्ये सी. रामचंद्रांच्या गाण्यांवर सगळा महाराष्ट्र नाचला. आमच्या चाळीत गणपतीत, जयंतीत ती गाणी वाजायची. हार्लेमचा ठेका आमच्या पायात होता आणि आम्हाला हार्लेम माहीत नव्हतं.

आता शब्द पळवण्याची गोष्ट.

जॅझ हे काळ्यांचं संगीत. पण जॅझची म्हणून जी पहिली तबकडी निघाली, १९१७ साली, ती गोऱ्या वादकांची. काळ्यांच्या तबकड्या १९२० पासून जोरात निघू लागल्या, कारण मॅमी स्मिथ या काळ्या बाईची तबकडी धडाक्यात विकली गेली आणि कंपन्यांना कळलं की काळ्यांच्याही खिशात पैसा आहे. पण त्या तबकड्यांचा कप्पा वेगळा. त्यांना 'रेस रेकॉर्ड' म्हणत. वंशाच्या तबकड्या. पाण्याचा माठ वेगळा तशी गाण्याची यादी वेगळी. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या धंद्याच्या साप्ताहिकानं हे नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं. पाटी बदलली, कप्पा तसाच राहिला.

आर्थर क्रडप नावाचा एक काळा गायक. त्यानं १९४६ मध्ये आपलं एक गाणं तबकडीवर दिलं. तेच गाणं १९५४ मध्ये एका गोऱ्या पोरानं म्हटलं आणि ती त्याची पहिली तबकडी. त्या पोराचं नाव एल्विस प्रिस्ली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. क्रडपचं काय झालं? हक्काच्या पैशासाठी शेवटपर्यंत झगडत १९७४ मध्ये तो गेला.

गाण्याचं जे झालं तेच बोलीचं. १९५७ मध्ये नॉर्मन मेलर या नामवंत गोऱ्या लेखकानं एक गाजलेला निबंध लिहिला, 'द व्हाइट नीग्रो'. गोरी तरुण पोरं काळ्यांची ढब, काळ्यांची बोली उचलतायत, असा त्याचा विषय. काळ्यांच्या 'हिप' या शब्दातून हिप्स्टर झाले, हिप्स्टरातून हिप्पी झाले. आणि 'ग्रूव्ही' त्यांच्या तोंडात जाऊन बसला.

आता मी तुम्हाला एक महिना सांगतो. ऑक्टोबर १९६६. या महिन्यात अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. सायमन आणि गारफंकल या गोऱ्या जोडीची एक तबकडी निघाली. तिच्यात न्यूयॉर्कच्या एका पुलावरचं गाणं होतं, निवांत सकाळचं, आणि त्याच्या नावातच 'फीलिंग ग्रूव्ही' होतं. गोड गाणं आहे, मी खोटं बोलणार नाही. आणि त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या तरुणांनी दहा कलमी कार्यक्रम लिहिला आणि ब्लॅक पँथर पक्ष काढला. एकाच महिन्यात, एकाच देशात. एकजण म्हणतो, सगळं कसं ग्रूव्ही. ज्यांनी शब्द दिला ते म्हणतात, आम्हाला घर द्या, काम द्या आणि पोलिसांनी आमची पोरं मारणं थांबवा.

दुसऱ्या वर्षी, १९६७ च्या उन्हाळ्यात, खाडीच्या पलीकडं सान फ्रान्सिस्कोला हजारो गोरी पोरं जमली. केसात फुलं. प्रेमाचा उन्हाळा म्हणतात त्याला. खाडीवर पूल आहे. पुलाच्या एका टोकाला फुलं आणि दुसऱ्या टोकाला ओकलंड. तिथं एप्रिल १९६८ मध्ये पँथरचा पहिला सभासद, बॉबी हटन, पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. वय वर्षं सतरा. तुमच्यापेक्षा लहान. पुढच्या वर्षी, १९६९ च्या जानेवारीत, याच ओकलंडात पँथरनी शाळकरी पोरांसाठी सकाळच्या फुकट नाश्त्याचा कार्यक्रम सुरू केला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात शिकागोत फ्रेड हॅम्प्टन पहाटे झोपेत असताना पोलिसांनी घरात घुसून मारला. एकवीस वर्षांचा.

हिप्पी पोरं वाईट होती असं मी म्हणत नाही. त्यांच्यातली पुष्कळ व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली, लाठ्या खाल्ल्या. पण बाजार हुशार असतो. त्यानं बघितलं, फुलं विकता येतील, मणी विकता येतील, 'ग्रूव्ही' विकता येईल. ऑक्टोबर १९६७ मध्येच सान फ्रान्सिस्कोच्या हिप्पींनी स्वतःच हिप्पीची प्रेतयात्रा काढली, खरीखुरी तिरडी वगैरे घेऊन. त्यांनाही कळलं होतं की आपला माल झालाय. पँथरनी पोलिसांसाठी जो शब्द वापरला, 'पिग', डुक्कर, एमरी डग्लसनं ज्याची चित्रं काढली, तो जाहिरातवाल्यांना पचणारा नव्हता. त्यांना पाहिजे होता तो बिनकाट्याचा शब्द.

आणि जो शब्द सगळे विकायला लागतात, तो लवकर शिळा होतो. सत्तरीच्या दशकात 'ग्रूव्ही' म्हणणारा माणूस हास्यास्पद दिसायला लागला. मग शब्द उरला विनोदापुरता. १९८७ च्या 'ईव्हिल डेड टू' या भुताच्या सिनेमात नायक हाताला यांत्रिक करवत बांधून हा शब्द टाकतो आणि लोक हसतात. १९९७ च्या 'ऑस्टिन पॉवर्स'मध्ये साठीतला गुप्तहेर नव्वदीत जागा होतो, तेव्हा त्याचा जुनाटपणा दाखवायला हाच शब्द. २००३ मध्ये तर एका संगणकभाषेला हे नाव मिळालं. आयटीतली आपली पोरं ती वापरतात.

तर, ज्या पोरानं टी-शर्ट घातलाय त्याच्यासाठी वापराचा धडा असा. हार्लेमचा वादक १९४० मध्ये 'ग्रूव्ही' म्हणायचा तेव्हा ती दाद होती, एका कारागिरानं दुसऱ्याला दिलेली. १९६७ चा हिप्पी म्हणायचा तेव्हा ती मनाची अवस्था होती, सगळं छान चाललंय अशी. १९७५ नंतर म्हटलं तर ती थट्टा. आज कुणी म्हणतो ते गालातल्या गालात हसत, जुन्या काळाची नक्कल करत. गंभीरपणे म्हटलंस तर लोक विचारतील, काय आजोबा! पण 'ग्रूव्ह' हे नाम मेलेलं नाही. वादकांच्या तोंडात ते आजही त्याच इमानानं नांदतंय. कुठल्याही ढोलवाल्याला, रॅप करणाऱ्या पोराला विचार. म्हणजे विशेषण दुकानात गेलं, नाम कारागिराकडं राहिलं. शब्दाच्या वाटण्या अशाही होतात.

आणि मराठीत काय म्हणायचं? मी खूप डोकं खाजवलं. 'झकास' जवळ जातो, पण त्यात ठेका नाही. मला सापडला तो आपलाच : 'लय'. लय म्हणजे ताल. आणि आपल्या बोलीत लय म्हणजे खूप. लय भारी. दोन्ही अर्थ एका शब्दात बसलेत आणि आपण तो रोज फुकट वापरतो.

याच शब्दावरून मी मार खाल्लाय. हातानं नाही, हसण्यानं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. सरांनी एक कविता शिकवली. मला आवडली. उभा राहून म्हटलं, "सर, लय भारी आहे." वर्ग फुटला. सर चष्मा पुसत म्हणाले, "असं बोलू नये. अतिशय सुंदर आहे, असं म्हणावं." पुढची तीन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. घरी आलो की आईशी बोलताना शब्द तपासून बोलायला लागलो. आई म्हणाली, "बाबा, तू असा पाहुण्यावानी का बोलतूस?" तो प्रश्न अजून माझ्या अंगावर काटा आणतो. एका हसण्यानं माझ्या आणि आईच्या मध्ये भिंत घातली होती.

आणि २०१४ साली थेटराबाहेर हे भलं मोठं पोस्टर. सिनेमाचं नाव : 'लय भारी'. जे बोललो म्हणून मी खाली बसलो, त्याची तिकिटं लागली. माझ्या वर्गातले ते हसणारे त्या रांगेत असणार, मला खात्री आहे.

मग काय करायचं? आमचा शब्द परत द्या म्हणून मोर्चा काढायचा? तसं नाही दोस्तहो. शब्द काही जमिनीचा तुकडा नाही, की दुसऱ्यानं घेतला म्हणजे आपला गेला. शब्द फिरतात, फिरावेत. आपणही घेतलेत. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या साथींनी संघटना उभी केली, तिचं नाव काय ठेवलं? दलित पँथर. 'पँथर' हा शब्द ओकलंडहून आला. ही चोरी होती का?

नव्हती. आणि का नव्हती, हेच मला आज सांगायचंय. १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनी उघड सांगितलं की आमचं त्या लढ्याशी नातं आहे. शब्द घेताना त्यांनी त्याचा बाप लपवला नाही. शब्दासोबत जोखीमही घेतली, तुरुंग, लाठ्या, बदनामी. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीत भागवत जाधव मारला गेला. शब्द घ्यायचा तर त्याच्या मालकाचं दुःखही घ्यायचं. बाजार शब्द घेतो आणि दुःख तिथंच टाकून येतो, फळ सोलून साल टाकावी तसं. उसनं आणणं आणि लुटणं यात फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही.

दुसऱ्या बाजूनं धोका आहे तो शब्द पुसण्याचा. ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं खासगी वाहिन्यांना सल्ला दिला की 'दलित' हा शब्द टाळा, अनुसूचित जाती म्हणा. सरकारी कागदावर काय लिहायचं हा वेगळा प्रश्न. आपल्यातही त्या शब्दाबद्दल मतभेद आहेत, असोत. पण आपल्याला काय म्हणायचं हे ठरवणारे आपण असायला पाहिजे. कधी बाजार आपला शब्द पळवतो, कधी सत्ता तो पुसते. दोन्ही वेळा आपल्याला कुणी विचारत नाही.

म्हणून मी तुम्हाला काम देतो. कॅलोवेचा कोश आठवा. आपल्याकडं काय झालं? 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, त्याला प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनी. पांढरपेशा वाचक त्यातल्या शब्दाशब्दाला अडखळला. त्या वस्त्यांत राहणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नव्हता. पण आता त्या वस्त्या मोडल्या, टॉवर आले, माणसं विरार-कल्याणला फेकली गेली. तिथल्या बोलीची वही कुणाकडं आहे? तुमच्या आज्याचे गोदीतले शब्द, आजीचे गिरणीतल्या साच्यावरचे शब्द, माईकवाल्याचे, हलगीवाल्याचे, सफाई कामगाराचे. कोण लिहून ठेवणार? विद्यापीठातून कुणी टेप घेऊन येईल म्हणून वाट बघणार?

दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एक शब्द. अर्थ काय. कोण वापरतं. कुणासमोर वापरत नाहीत. कधीपासून ऐकला. वापरायचा एक नमुना. 'कडक' हा शब्द घ्या. चहा कडक, इस्त्री कडक, आणि आपला जयभीमही कडक. हा प्रवास कसा झाला, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. बस, इतकंच.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे करा. आपल्या बोलीत बायांना घाण ठरवणारे शब्द किती आहेत, तेही त्याच वहीत लिहा. नाक्यावर आपण जे सहज बोलतो, त्यातले निम्मे शब्द कुणाच्या तरी आई-बहिणीच्या अंगावरून जातात. दुसऱ्यानं आपल्यावर डकवलेले शब्द आपण खरवडले, मग आपण दुसऱ्यावर डकवलेले कोण खरवडणार? वही लिहिताना पोरींना सोबत घ्या. मागच्या रांगेत बसल्यात त्या. त्यांच्या आयांचे, पाण्याच्या रांगेतले, जात्यावरचे, धुणीभांडीवाल्यांचे शब्द आपल्याला माहीतसुद्धा नाहीत.

पुढच्या महिन्यात आपण इथंच बसू. ज्यानं दहा पानं भरून आणली त्यानं वाचून दाखवायची. मीही आणणार आहे. माझ्या पहिल्या पानावर 'लय' असेल, आणि खाली आईचा तो प्रश्न.

आणि तू रे, टी-शर्टवाल्या. शर्ट काढू नकोस. घाल खुशाल, रंग छान आहेत. पण आता कुणी विचारलं तर 'माहीत नाय काका' म्हणू नकोस. सांग त्याला, हा शब्द खाणीत जन्मला, लाखेच्या तबकडीवर चढला, हार्लेमच्या काळ्या वादकांनी त्याला लय दिली, आणि मग तो विकला गेला. तेवढं सांगून झालं की दीडशे रुपये वसूल.

जयभीम.